खाऱ्या पाण्यातले सोडियम

मिठागरावर सकाळ सावकाश येई. आधी बांधांच्या कडा उजळत. मग वाफ्यांतल्या उथळ पाण्यावर फिकट, दुधी उजेड पसरे. मिठाच्या ढिगांवर तो क्षणभर रेंगाळे आणि प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत येऊन टेबलावरच्या काचपात्रात अलगद उतरे. त्यात नवल असे काही नसे. तरीही अच्युतआजोबा तो रोज पाहत बसत. हल्ली जरा जास्तच वेळ.

आज त्याच उजेडात त्यांची नात रेवा काचपात्रातल्या, वीज सोडलेल्या खाऱ्या पाण्याकडे रागाने पाहत होती.

"आजोबा, आठवडा झाला! नुसते बुडबुडे. सोडियमचा कणसुद्धा नाही."

"मिठात सोडियम आहे ना? मग काढ. तोवर बॅग भरायची नाही," आजोबा म्हणाले.

ही अट त्यांचीच. रेवाची आई चंद्रावरच्या वसाहतीत दगड वितळवण्याची भट्टी सांभाळत असे आणि रेवा आता तिच्याकडे राहायला जाणार होती. आजोबा त्या जागेचे नाव घेत नसत. 'तिकडे' एवढेच म्हणत. त्यांची अट मोडून निघणे मात्र रेवाला जमले नसते.

"गणबा, हळदीचा कागद!" तिने हाक मारली.

गणबा म्हणजे भिंतीवरचा बोलका यंत्रहात. त्याने कागद द्रावणात बुडवला. "लाल झाला, रेवाताई. पण कुंकू म्हणून लावू नका."

रेवा हसली नाही. तिची भुवई वर गेली. "लाल म्हणजे अल्कली (आम्लाच्या उलट गुणांचा पदार्थ). ती सोडियमचीच, म्हणजे सोडियम अजून पाण्यातच आहे! आणि ऋणाग्रावर (विजेच्या ऋण टोकाला जोडलेल्या कांडीवर) येतोय तो हायड्रोजन, काडी लावली की फट् करून जळतो. पण मिठात हायड्रोजन नसतोच. मग हा आला कुठून?"

आजोबा खिडकीबाहेर पाहू लागले.

"आई चंद्रावर कोरडा दगड वितळवते," रेवा हळूहळू म्हणाली. "तिच्या भट्टीत पाण्याचा थेंबही नसतो. आजोबा, हायड्रोजन पाण्यातून येतोय!"

आता आजोबांमधला शिक्षक गप्प राहीना.

"ऐक. मिठाच्या कोरड्या खड्यात आयन (विद्युतप्रभार असलेले कण) जागच्या जागी जखडलेले असतात. मीठ विरघळवलं किंवा वितळवलं की ते मोकळे होतात. मग सोडियम ऋणाग्राकडे जातं आणि क्लोराइड धनाग्राकडे (धन टोकाच्या कांडीकडे). ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन वाढले जातात. पण खाऱ्या पाण्याच्या पंगतीत पाणीही बसलेलं असतं. इलेक्ट्रॉन घेणं पाण्याला सोडियमपेक्षा फार सोपं. ते घेऊन पाणी हायड्रोजन सोडतं आणि सोडियम बिचारं उपाशीच राहतं. विजेनं असं पदार्थ फोडणं म्हणजे विद्युत अपघटन."

"मग पाण्याला पंगतीतून उठवायचं! मीठ नुसतं वितळवायचं!" रेवा थबकली. "तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"होतं."

"लबाड आजोबा!" ती म्हणाली, आणि त्यांच्या दंडाला बिलगून उभी राहिली.

गणबाने सुकवलेले मीठ बंद भट्टीत ठेवले. आठशे अंशांच्या पुढे ते वितळून पाण्यासारखे नितळ झाले. वीज सुरू झाली. धनाग्रावरचा विषारी क्लोरीन नळीवाटे वेगळ्या टाकीत गेला. आणि ऋणाग्रापाशी एक चंदेरी थेंब जमून तरंगत वर आला. काचेच्या झरोक्यातून रेवा तो श्वास रोखून पाहत राहिली.

"आईच्या दगडात क्लोराइडऐवजी ऑक्साइड असतं ना?"

"हो. म्हणून धनाग्रावर ऑक्सिजन मिळतो. उद्या तिथली मुलं आपली हवा आपणच दगडातून काढतील. त्यांना शिकवायला कोणीतरी हवंच." आजोबा झरोक्यापासून तिच्याकडे वळले. "तोच ऑक्सिजन तू श्वासात घेशील. चंद्रावर."

ते नाव त्यांनी प्रथमच उच्चारले. मग कपाटावरची रिकामी बॅग खाली काढून त्यांनी तिच्यावरची धूळ पुसली.

रेवा सोमवारी जाणार होती.