रांगेतला वेळ

जवळ सरका पोरांनो. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत घडलेली आहे.

मी त्याच्याच ऑफिसच्या दारावर राखणदार होतो. गेल्या वर्षी मार्चातला शेवटचा गुरुवार. रात्री पावणेबाराला त्याचा डबा घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. तो एकटाच होता.

"मामा, बघ. हजार खोटी माणसं वेबसाइटवर सोडतोय. उत्तर मिळायला किती वेळ लागतो, ते मोजायचं."

"एवढ्या गर्दीत रांग लागत असेल की रे."

"रांगेतला वेळ धरायचाच नाही. माणूस खिडकीशी पोचला, की मग घड्याळ सुरू."

"घड्याळ्या तर रांगही मोजायचा म्हणे."

झालं! तोंड कडू झालं त्याचं. घड्याळ्या म्हणजे त्या खुर्चीवरचा आधीचा माणूस. दवाखान्याच्या रांगेत नंबराची वाट बघता बघता गेला बिचारा. पण साहेबांच्या तोंडी अजून तोच. भाच्यानं कितीही राबावं, साहेब म्हणणार, "तो असता तर..."

"मेला तरी खुर्ची सोडत नाही," भाचा म्हणाला. "त्याचा आकडा तीन सेकंद. उद्या माझा एक दाखवतो. मग बघू त्याचं नाव कोण काढतं!"

मी खाली आलो. पुढचं त्यानं सांगितलेलं.

हजार माणसं सोडली. हजार उत्तरं आली. सरासरी एक सेकंद. गडी खूश झाला.

तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली. एक हजार एकावी.

उत्तर नाही. थांबलेला वेळ सात महिने, बारा दिवस... आणि सेकंद पुढे सरकत होते.

घड्याळ्याला जाऊन तितकेच दिवस झाले होते.

त्यानं चाचणी बंद केली. ओळ तशीच.

इंटरनेटची वायर उपटली. सेकंद चालूच.

"कोण... कोण आहे?"

...

पाठीमागे कुणीतरी पाय बदलला. फार वेळ उभं राहिलेलं माणूस बदलतं ना, तसा.

भाचा अनवाणीच धावत खाली आला.

सकाळी त्यानं साहेबांना रांगेसकट आकडा दिला. चार सेकंद. साहेबांनी मान हलवली. "तो असता तर..."

डबा देऊन खाली आल्यापासून मी दारातून हललो नव्हतो. भाच्यानंतर कुणी आत आलं नाही. पण माझ्या येण्याजाण्याच्या वहीत भाच्याच्या सहीखाली आणखी एक सही आहे. मला वाचता येत नाही, पण सहीची ती लांब शेपटी सात महिन्यांपूर्वीपर्यंत मी रोज पाहायचो. आकडे तेवढे कळतात. आल्याची वेळ सव्वाबारा.

गेल्याचा रकाना... अजून कोराच आहे.