त्रेचाळिसावं पान

"मॅडम, यात एकोणीस नंबरचं पान नाही."

मी काउंटरवर कोपर टेकून उभी होते. उभ्या-उभ्याही झोप लागते, हे मला त्या दिवशी भंडाऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात कळलं. डोळे उघडले, तर चष्म्यावर पावसाचे थेंब असलेला एक माणूस माझी फाईल अंगठ्याने चाळत होता.

"बेचाळीस पानं आहेत. मी मोजलीत."

"एक्केचाळीस. अठरानंतर डायरेक्ट वीस." त्याने फाईल माझ्याकडे फिरवली. "सायन्सवाल्या दिसता. चूक निघाली का राग येते."

राग आला होता… आणि पान खरंच नव्हतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या टीनाने पायरीखालच्या डबक्याकडे बोट दाखवलं. एकोणिसावं पान, म्हणजे माझं वैद्यकीय प्रमाणपत्र, तिथे होडी होऊन तरंगत होतं.

तो हसला नाही. फोनमधली प्रत मागून त्याने नवीन पान काढून दिलं. "होडी चांगली केली पोरीनं," एवढंच म्हणाला.

मी तृप्ती. वय एक्केचाळीस, लग्न नाही. कॅनडात एका प्रयोगशाळेत पाणी तपासते. मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, त्याला पाच वर्षं झाली. दोन देशांच्या परवानग्या मिळाल्या आणि भंडाऱ्याच्या संस्थेतली पाच वर्षांची टीना माझ्याकडे आली. जिल्हाधिकाऱ्यांचा अंतिम आदेश तेवढा बाकी होता. तोवर आम्ही दोघी करडी गावात, माझ्या मोठ्या आईकडे राहत होतो. मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू, आनंदाबाई.

आई झाल्याचा आनंद असतो म्हणतात. असेल. मला आधी झोप हवी होती. टीना माझं बोट धरल्याशिवाय झोपत नसे, आणि बोट सुटलं की उठून बसे. मी वाढलेलं खातही नसे.

दुकानदाराचं नाव चंद्रकुमार. तोही करडीचाच निघाला. रोज व्हॅनने ये-जा करायचा. "गावलेच जाऊन राहिलो, बसा," म्हणाला. मग कागदांसाठी जेव्हा जेव्हा भंडाऱ्याला यावं लागे, तेव्हा परतीला त्याचीच व्हॅन. तिसऱ्या फेरीला माझ्या तोंडचं 'भाऊ' गळून पडलं. ते दोघांच्याही लक्षात आलं.

वाटेत तलावाच्या पाळीवर उकडलेले शिंगाडे मिळायचे. तो सोलायचा, पण टीनाला न देता माझ्या तळहातावर ठेवायचा.

"तिलाच द्या ना."

"तुमच्या हातचं खाऊ द्या तिले. माह्या हाताची सवय लागली त पंचाईत."

"तिला?"

तो पुढच्या शिंगाड्याकडे फारच लक्ष देऊन पाहू लागला. "…तिलेच. मी कोनाचं नाव घेतलं?"

पाचव्या शिंगाड्याला टीनाने माझ्या हातातून खाल्लं. मी खिडकीबाहेर पाहिलं. रडायलाही त्राण लागतं.

पुढच्या आठवड्यात बालसंरक्षण विभागाच्या शुभांगी मॅडम घरी पाहणीला आल्या. मी टीनाला आंघोळ घालत होते, तेवढ्यात मोठ्या आईने त्यांना चहा दिला आणि वर सांगून टाकलं, "आमच्या तृप्तीचं लग्न ठरलं हाय बरं, गावातल्याच चंद्रकुमारसंग."

मी ओल्या हातांनी बाहेर आले, तेव्हा मॅडमचं पेन थांबलेलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "तुमची फाईल एकट्या महिलेची आहे. जोडपं असेल तर लग्नाला दोन वर्षं झालेली लागतात. हे खरं असेल, तर सगळं थांबेल."

टीना माझ्या साडीच्या निऱ्यांना धरून उभी होती.

"मोठी आई, काहून सांगितलंत असं?"

"मले वाटलं, बिनलग्नाच्या बाईले पोरगी कोन देते? म्हून सांगतलं." तिचे डोळे भरले. "तो रोज तुमाले घेऊन येते. मले त खरंच वाटून राहिलं होतं, बाई."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "लग्न ठरलंय?"

"नाही."

"ते आवडतात?"

"तुमच्या फॉर्ममध्ये तो रकाना आहे का?"

मॅडमना हसू आलं, पण पेन मिटलं नाही. "रकाना नाही. लग्न ठरलेलं नाही, एवढं दोघांनी शपथपत्रावर द्या. उद्याच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या दुकानात बसले. मी सांगत होते, तो टाइप करत होता. टीना स्टुलावर बसून रद्दी कागदांच्या होड्या करत होती.

"आमचं लग्न ठरलेलं नाही."

टक-टक-टक. "झालं."

"आणि पुढेही आमचा तसा कोणताही विचार नाही."

बोटं थांबली. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"लिहा ना."

"हे नाही लिहीत मी."

"का?"

"शपथपत्र हाय, मॅडम." तो पडद्याकडेच पाहत होता. कान मात्र लाल झाले होते. "खोटं लिहिता येत नाही ना."

मी ते वाक्य पुन्हा सांगायला तोंड उघडलं… आणि मिटलं. मलाही तिथे सही करायची होती.

"मग एवढंच राहू द्या," मी म्हणाले.

तेवढंच राहिलं. मॅडमनी ते घेतलं. पुन्हा संशय नको म्हणून आदेश येईपर्यंत मी करडीला बसनेच जात राहिले. तो दिसला, तर मान हलवायचा. टीना विचारायची, "शिंगाडेवाले काका काहून येत नाही?" त्या वीस दिवसांत मी जेवढी थकले, तेवढी पाच वर्षांत थकले नव्हते.

आदेश आला. मग टीनाचा पासपोर्ट, मग व्हिसा. धान कापून झालं, हवेत गारवा आला. निघायच्या दिवशी तो नागपूरच्या बसपाशी आला, हातात माझ्या फाईलची जाड प्रत.

"जपून ठेवजा. मोजून घ्या."

मी मोजली. "त्रेचाळीस आहेत. एक जास्त आहे."

"पाहून घ्या ना."

शेवटचं पान पासपोर्टच्या अर्जाचं होतं. त्याच्या. नागपूरच्या पलीकडे कधी न गेलेल्या माणसाचा फोटो, करारी चेहरा, दोन्ही कान स्पष्ट.

"स्वतःच काढलात?"

"सतरा वेळा. हसू येऊन राहिलं होतं."

"तिथे उणे चाळीस असतं, चंद्रकुमार."

"पोरीले झेपते, तर मले नाही झेपणार का?" मग तो हळू म्हणाला, "येऊ ना?"

"या," मी म्हणाले. "लवकर या… मी फार थकलेय."

बस सुटली. टीनाने खिशातून काकांनी दिलेल्यातला शेवटचा शिंगाडा काढला, दातांनी वेडावाकडा सोलला आणि माझ्या तोंडात घातला. मग माझं बोट धरून ती झोपली. थोड्या वेळाने तिची मूठ सैल झाली, बोट सुटलं. मी श्वास रोखून पाहत राहिले. ती उठली नाही.

मग मीही डोळे मिटले.