तिला जमणार नाही

तपासनिसाच्या खोलीत माणसं सहसा रडत येत. ही बाई भांडत आली.

"आज दुपारी बारापर्यंत सांगा हे कुणी केलं. नंतर सांगून उपयोग नाही," असं म्हणत तिने एक छापील कागद टेबलावर आपटला.

सकाळी नऊच्या सुमाराला कुणाचंही तोंड बघायला तपासनिसाला आवडत नसे. त्याने कपाळाला आठ्या घालून कागद वाचला. मास्तरही खुर्ची ओढून जवळ आले. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. तपासात ते नेमकं काय करतात हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण तपासनीस त्यांच्याशिवाय कुठे जात नसे.

बाई व्हर्च्युअल असिस्टंट होती. म्हणजे, कामं मिळवून देणाऱ्या एका साइटवरून परदेशातल्या लोकांच्या कचेरीचं काम ती घरी बसून सांभाळायची. पत्रं, भेटीच्या वेळा, तक्रारी. सहा वर्षांत एकशे बारा क्लायंट, आणि प्रत्येकाने पाचपैकी पाच तारे दिलेले. काल दुपारी बरोबर अडीच वाजता तिच्या अकाउंटवरून तिच्या सगळ्यात मोठ्या क्लायंटला, घरं भाड्याने देणाऱ्या एका परदेशी बाईला, मेसेज गेला होता. तुमचं काम मला नको, आणि तुमच्या सगळ्या भाडेकरूंचे फोन नंबर मी दुसऱ्या कंपनीला देऊन टाकलेत. क्लायंटने तक्रार केली आणि साइटने अकाउंटला कुलूप घातलं. खुलासा पटला नाही, तर सहा वर्षांची मेहनत आज बाराला पुसली जाणार होती.

"अडीचला तुम्ही कुठे होतात?"

"दाताच्या दवाखान्यात, तोंड वासून. डॉक्टरांची चिठ्ठी आहे. साडेचारला घरी आले आणि बघते तर हा प्रकार. पण नुसतं मी नव्हते म्हणून भागणार नाही. मेसेज माझ्याच लॅपटॉपवरून गेलाय. कुणी पाठवला ते नावासकट लिहायचंय."

"संशय कुणावर?"

"नवरा, सासू, जाऊ. तिघांवरही. तिघांच्याही डोळ्यांत मी खुपते."

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. मधल्या खोलीत दोन टेबलं समोरासमोर. एकावर या बाईचा, म्हणजे घरातल्या थोरलीचा लॅपटॉप, दुसऱ्यावर तिच्या धाकट्या जावेचा. धाकटीचा नवरा परगावी नोकरीला होता. तीही दोन वर्षं त्याच साइटवर कामासाठी अर्ज करत होती आणि अजून तिला एकही काम मिळालेलं नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल होतं.

तपासनीस थोरलीच्या खुर्चीत बसून क्लायंटबरोबरचे जुने मेसेज वाचू लागला. कुलूप घातलेलं असलं तरी वाचता येत होतं.

"मेसेज मात्र छान लिहिलाय," तो म्हणाला. "भाषा बिनचूक. क्लायंटला तो तुमचाच वाटला यात नवल नाही."

"कौतुक नंतर करा."

मास्तर चष्मा सावरत स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्याकडे वाकले. "अहो, याचं घड्याळ बिघडलंय. भिंतीवर पावणेदहा आणि यात सव्वाबारा! थांबा, मी नीट लावून देतो."

"हात लावू नका!" थोरली ओरडली. "बिघडलेलं नाही ते. तसंच असतं ते."

मास्तरांनी हात मागे घेतला. चित्रकलेच्या तासालाही त्यांना कुणी इतकं झिडकारलं नव्हतं.

"तुम्ही आंघोळीला जाता तेव्हा हा लॅपटॉप उघडा असतो?" तपासनिसाने विचारलं.

"रोज नऊला जाते. पंधरा मिनिटांसाठी कोण बंद करत बसतं?"

"आणि मागच्या आठवड्यात क्लायंटला तुमच्या हाताखाली आणखी एक मदतनीस हवी होती?"

थोरलीने समोरच्या टेबलाकडे पाहिलं. "हवी होती. मी नाही म्हणाले. त्याचा इथे संबंध नाही."

पहिला आला नवरा. दाढी वाढलेली, हातात पेपर.

"काल अडीचला?"

"पलंगावर. झोपलो होतो. सहा महिने नोकरी नाही म्हटल्यावर माणूस झोपतोच. साक्षीदार नाही. उशीला विचारा."

"बायकोचं अकाउंट बंद पडलं, वाईट वाटलं?"

"घरात सगळे मला तिचा नवरा म्हणून ओळखतात हो. वाईट काय वाटायचंय? पण मी केलं नाही."

"इंग्रजी येतं?"

"आता यंत्र करून देतं भाषांतर. कुणाला येण्याची गरज आहे?"

"साडेचारनंतर?"

"चष्म्याच्या दुकानात. धाकटीने सकाळी चहाच्या वेळीच ठरवून टाकलं, आईचा चष्मा बघायला सगळ्यांनी जायचं म्हणून. मला म्हणे पिशवी धरायला या. पिशवीत काही नव्हतंच."

सासूबाई नवा चष्मा लावूनच आल्या आणि त्यातून त्यांनी तपासनिसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अडीचला मी स्वयंपाकघरात होते. त्या डबड्याला मी हात लावत नाही. दिवसभर खुर्चीवर बसायचं आणि त्याला काम म्हणायचं! बंद पडलं ते बरं झालं."

"धाकट्या सूनबाईंशी तुमचं चांगलं जमतं वाटतं? चष्मा आणून दिला."

"कसलं जमतंय! महिनाभर अबोला होता आमचा. काल सकाळी अचानक प्रेमाचं भरतं आलं तिला. आणि वर थोरलीची वाट बघत आम्हाला ताटकळत ठेवलं. ती दवाखान्यातून घरात शिरल्याशिवाय निघायचंच नाही म्हणाली."

"का?"

"म्हणे घराला कुलूप नको. या घराला काय पहिल्यांदा कुलूप लागणार होतं?"

शेवटी धाकटी आली. नीट विंचरलेले केस, ताठ मान.

"अडीचला मी इथेच इस्त्री करत होते. हो, या खोलीत. एकटी. घाला बेड्या."

"आणि पाचला?"

"दुकानात. ही पावती. वेळ घातलीय त्यावर, पाच वाजून एक मिनिट. मीच घालायला सांगितली."

"मी पाचचा पुरावा मागितला नव्हता."

"तुम्ही विचारलंत, मी दिला," ती म्हणाली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

अकरा वाजले. तपासनिसाने सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं.

"कमाल आहे," मास्तर कुजबुजले. "अडीचच्या वेळेचा पुरावा तिघांकडेही नाही. आता कसं ओळखायचं?"

"अडीचचा पुरावा नाही, पण पाचचा आहे, मास्तर. तोही पावतीवर. जेव्हा काहीच घडलं नाही, त्या वेळेचा इतका कडेकोट बंदोबस्त कुणी का करावा? महिन्याचा अबोला मोडून सासूला बाहेर न्यायचं, दिराच्या हातात रिकामी पिशवी द्यायची, आणि थोरली घरात आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. का? तर पाचला घरात थोरली एकटीच असावी. मग तिच्यावाचून दुसऱ्या कुणी पाठवला म्हणायची सोयच उरली नसती."

"पण मेसेज अडीचला गेला!" नवरा म्हणाला.

"पाचलाच गेला. या लॅपटॉपच्या पाचला." तपासनीस थोरलीकडे वळला. "तुमचं घड्याळ अडीच तास पुढे का असतं?"

"क्लायंटच्या देशाची वेळ आहे ती. त्यांच्या वेळेने पत्रं पाठवायची असतात. परदेशी काम करणारे बरेच जण असंच ठेवतात."

"ज्यांना काम मिळालंय ते ठेवतात. काल नऊला तुम्ही आंघोळीला गेलात. तेवढ्यात कुणीतरी मेसेज लिहिला आणि आपोआप जावा म्हणून पाचची वेळ लावली. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे घाईत लक्ष गेलं नाही. लॅपटॉपमध्ये पाच वाजले तेव्हा भिंतीवर अडीच वाजत होते आणि थोरल्या बाई दवाखान्यात होत्या. एका चुकीने सगळा डाव उलटला. आणि ही चूक तोच करेल, ज्याला वेळ लावता येते, पण ज्याला परदेशी क्लायंट कधी मिळालेला नाही." तो धाकटीकडे बघत राहिला. "दोन वर्षं समोरासमोर बसता. त्यांनी तुम्हाला एवढंही शिकवलं नाही?"

"मी का शिकवू?" थोरली फणकारली. "मला कुणी शिकवलं होतं? अगं, पण मी तुझं काय घोडं मारलं होतं?"

धाकटी उठली. तिचा आवाज चढला नाही.

"मागच्या आठवड्यात क्लायंटने विचारलं, तुमच्या ओळखीचं कुणी आहे का. ताई, तुम्ही काय लिहिलंत? सांगा सगळ्यांना."

थोरलीने स्क्रीनकडे तोंड फिरवलं.

"मी सांगतो," तपासनीस म्हणाला. "मी वाचलंय. 'घरात जाऊ आहे, पण तिला जमणार नाही.'"

सासूबाईंनी नवा चष्मा काढून पदराला पुसला.

"तीनशे अर्ज केले मी," धाकटी म्हणाली. "तीनशे. पहिलं काम मिळत नाही म्हणून तारे नाहीत, आणि तारे नाहीत म्हणून काम नाही. तुमच्या एका शब्दावर मला ते मिळालं असतं. तुमच्या उघड्या लॅपटॉपवर ते उत्तर मी वाचलं होतं. काल सकाळी तो पुन्हा उघडा दिसला तेव्हा मी दुसरं काही बघितलंच नाही."

थोरलीने खुर्ची पुढे ओढली आणि खुलाशाची चौकट उघडली. धाकटीचं नाव त्याच साइटवर होतं. ते इथे लिहिलं की तिचं प्रोफाइल कायमचं जाणार हे दोघींनाही माहीत होतं. भिंतीवर साडेअकरा वाजले होते.

"लिहा," धाकटी म्हणाली. "पण आधी तो मेसेज पुन्हा वाचा, ताई. तुमच्याच भाषेत लिहिलाय. क्लायंटसुद्धा फसली. एक तरी चूक काढून दाखवा."

थोरलीने स्क्रीनवरचा मेसेज वाचला. एकदा, मग पुन्हा.

"एकच आहे," ती म्हणाली. "वेळेची."

आणि तिने नाव लिहायला घेतलं.