फुटायचं राहिलेलं भांडं

कारखान्यात सगळे तिला ठिणगी म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. त्या सकाळी ती तपासणीच्या खोलीकडे धावली ती खळकन आवाज ऐकून. आत एक अनोळखी तरुण तिनं घडवलेली पाणी गाळायची मातीची भांडी हातोडीनं एकेक करून फोडत होता, आणि तेही अगदी शांतपणे.

"हात शिवशिवत असतील तर दुसरीकडे चालवा," ती कडाडली. "ही माझी भांडी आहेत."

"पाणी फार भरभर येतंय यांतून," तो म्हणाला. "तुमच्या भुशाची चाळण एकदा बघाल का..."

तो नवा तपासनीस होता. ती तणतणत परतली. मातीत लाकडाचा बारीक भुसा मळायचा, भट्टीत तो जळून जातो, मागे केसाहून बारीक छिद्रं उरतात. त्यांतून पाणी झिरपतं आणि रोगजंतू अडतात. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण चाळण खरंच कडेला फाटली होती. त्याचं म्हणणं खरं निघालं, याचा तिला जास्तच राग आला.

राग राग म्हणता म्हणता ती त्या खोलीत रोज डोकावू लागली. कधी पापण्यांवरची धूळ तशीच ठेवून, कधी मुद्दाम पुसून. तोही तिचं भांडं तपासायला पाण्यानं भरताना उगाच वेळ लावायचा. "एक विचारायचं होतं..." म्हणायचा, आणि भट्टी तापली का, असलं काहीतरी विचारून मोकळा व्हायचा. विचारा की एकदाचं, असं तिच्या अगदी ओठांवर यायचं.

मग एके दिवशी पास झालेल्या भांड्यांच्या फळीवर तिला आपलं एक भांडं दिसलं, खडूची खूण केलेलं. जाता जाता तिनं त्यात पाणी ओतलं. थेंब कसले, धारच लागली.

"हे पास कसं झालं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "कालच तुमची तीन फुटली. परत तुमचा चेहरा पडलेला... मला बघवला नसता."

दुसरी एखादी लाजली असती. ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझा चेहरा? आणि हे पाणी ज्या लेकराच्या पोटात जाईल, त्याचा चेहरा कोण बघणार? तुम्ही माझी भांडी फोडलीत, म्हणून तर मी इथं यायला लागले. वाटलं होतं, माणूस खरा आहे. आता तुमच्या कुठल्या खुणेवर विश्वास ठेवू मी?"

तिचे डोळे भरून आले, आणि तिला त्या आसवांचाही राग आला.

त्यानं ते भांडं उचललं आणि एका घावात फोडलं. मग सगळी फळी रिकामी करून प्रत्येक भांडं नव्यानं तपासायला घेतलं, तिचं आणि इतरांचंही. ती बादल्या आणून देत राहिली, पण तोंड फुगवूनच.

शेवटच्या भांड्यातून पाणी हवं तसं संथ ठिबकू लागलं, तेव्हा तो म्हणाला, "एक विचारायचं होतं..."

"भट्टी तापलीय," ती म्हणाली. "आता ते दुसरं विचारा."

त्यानं विचारलं. ती हो म्हणाली — रागारागानंच.