मिठाच्या कागदावरची बाई

आपल्याच फोटोला हार पडताना महामायानं पाहिलं, तेव्हा तिच्या हातात अर्धा खाल्लेला पेढा होता.

बुलढाण्याच्या एका कॉलेजात वऱ्हाडातल्या पहिल्या हौशी छायाचित्रकारांवर चर्चासत्र होतं. पेपरात बातमी वाचून ती धाकट्या बहिणीला, दीपमालाला घेऊन लोणारहून पहाटेच्या एसटीनं आली होती. डिसेंबरची थंडी, खिडकीच्या फटीतून येणारा वारा, दोघींच्या मिळून एकच शाल. हॉलमध्ये येऊन मागच्या रांगेत टेकल्या, पेढा हातात पडला, आणि व्यासपीठावर प्रतिमापूजन सुरू झालं.

आपल्याकडे प्रतिमापूजनाशिवाय काही सुरू होत नाही. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर थोर माणसांच्या तसबिरी ओळीनं. त्या दिवशी ओळीच्या शेवटी आणखी एक तसबीर होती. शिपायानं कुठेतरी पडलेली पाहिली असेल, जुनी दिसली, म्हणून आदरानं उचलून ठेवून दिली असेल. प्रमुख पाहुणे एकेकाला हार घालत शेवटी आले. ही कोण, असं त्यांनी विचारलं नाही. असं कुणी विचारतं का? त्यांनी झेंडूचा हार घातला, उदबत्ती ओवाळली, डोळे मिटून हात जोडले.

हाराच्या मधोमध महामाया होती. आजीचं लुगडं नेसलेली, लोणारच्या सरोवराकाठच्या देवळातल्या खांबाशी बसलेली, तपकिरी, धुरकट... आणि चांगली जिवंत.

दीपमालानं तिच्या कानाला तोंड लावलं. "ताई, तू कवा गेली वं? आमाले सांगतलं बी नाई."

महामायाला हसता येईना आणि उठताही येईना. पेढा तिच्या मुठीत चुरला.

आता हे कसं झालं, ते सांगायला हवं. महामाया लोणारला एका खासगी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. तो झाला नोकरीचा भाग. जिवाचा भाग वेगळा. मोबाइलवर बोट ठेवलं की फोटो निघतो, यात तिला कधी गंमत वाटली नाही. पहिल्यांदा ज्यांनी फोटो काढले, त्यांनी कसे काढले असतील, हे डोक्यात शिरलं आणि तिनं लाकडी खोक्याचा कॅमेरा केला. कागद मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वाळला की त्यावर सिल्व्हर नायट्रेट फिरवायचं, कॅमेऱ्यातली उलटी छबी त्याच्यावर दाबून उन्हात ठेवायची. हळूहळू कागद तपकिरी होतो आणि त्यातून माणूस वर येतो, विहिरीतून कुणी वर यावं तसा. बोटं मात्र काळी पडतात, आणि आठवडाभर जात नाहीत. ही मुलगी मेंदी लावते की कोळसा, असं शेजारच्या बायका विचारतात.

हा फोटो तिचा स्वतःचा. कॅमेऱ्याचं झाकण काढायला आणि लावायला तेवढी दीपमाला होती. महामायानं तो बसस्टँडजवळच्या तसबिरीवाल्याकडे दिला. त्यानं कुठल्याशा पडक्या घरातून आणलेली शिसवी चौकट त्याला बसवली, पाठीमागे त्याच चौकटीतला जुना पेपरही तसाच राहू दिला. ती आणायला जाईपर्यंत त्याचं दुकान उठलं, आणि तसबीरही गेली. पुढे महामाया विसरूनही गेली.

मग माइकवरून सांगितलं गेलं, की मघाशी पूजन झालेली शेवटची प्रतिमा ही आजच्या चर्चासत्राचं आकर्षण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, मिठाच्या कागदावरचं, अनाम वऱ्हाडी स्त्रीचं दुर्मिळ छायाचित्र. कलेच्या इतिहासाचे अभ्यासक प्रसेनजित यांना ते साखरखेर्ड्याच्या बाजारात सापडलं असून, चहानंतर ते त्यावर निबंध वाचतील.

"एकोणिसाव्या..." दीपमाला म्हणाली. "ताई, तू तं लई जुनी निघाली."

*

चहाच्या टेबलाशी प्रसेनजित समोर आला. उंच, सडपातळ, अंगात धाकट्या भावाचा वाटावा असा तोकडा कोट. कप ओठांशी नेता नेता त्यानं सहज वर पाहिलं, आणि कप तिथंच राहिला. रंग उतरणं म्हणजे काय, ते महामायानं रोज सुई पाहणाऱ्या माणसांच्या तोंडावर पाहिलेलं होतं. पण असं नाही. कप तिरपा झाला. चहाची धार सरळ त्याच्या बुटावर.

"चहा सांडून राह्यला," ती म्हणाली.

"सांडू द्या." त्याची नजर हलेना. "तुम्ही... कुठून आलात?"

"लोणारहून."

"आणि ती? म्हणजे... तिच्या तुम्ही कोण?"

महामायानं तोंड उघडलं, पण दीपमाला आधी बोलली. "पणती आहे ते तिची." इतक्या गंभीरपणे बोलली की स्वतःलाही खरं वाटलं असावं.

इथेच महामायानं नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणणारच होती. पण तो बोलायला लागला, आणि असं बोलणं आजवर कुणी तिच्याबद्दल बोललेलं नव्हतं. वर्षभर ही बाई त्याच्या टेबलावर होती. अभ्यासात मन लागलं नाही की तो तिच्याशीच बोलायचा. खोलीतले मित्र चिडवायचे, शंभर वर्षांनी मोठी आहे रे, घरचे हो म्हणतील का? सांगताना तो लाजला, आणि त्याचे कान लाल झाले.

"सगळे म्हणतात, साधी बसली आहे," तो म्हणाला. "पण तिचा डावा हात पाहा. निऱ्यांत लपवलाय, आणि मूठ आवळलेली आहे. चेहरा इतका शांत, आणि हाताला ते ठाऊकच नाही. मला वाटतं, त्या दिवशी ही कोणाला तरी नाही म्हणून आलेली आहे. आणि ते तिला सोपं गेलेलं नाही."

महामायानं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

त्या सकाळी तिनं खरंच नाही म्हटलं होतं. चिखलीचं स्थळ होतं, नोकरदार, सगळं जमत आलेलं. आई कलाबाई तिच्याशी बोलेना. वडील शंकरराव पेपराआड जाऊन बसले. ती तडक कॅमेरा उचलून देवळाकडे निघाली होती. पुढे तोच फोटो घरात सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला. आई म्हणाली, लुगडं खुललं. वडील म्हणाले, काळा आला. मूठ कुणालाच दिसली नाही. तिला स्वतःलाही नाही. आणि हा माणूस, जो तिला मेलेली समजत होता, त्याला मात्र दिसली.

"तुम्ही आज भेटलात, हे..." त्यानं कप टेबलावर ठेवला. "माझ्या सरांनी सांगितलंय, हा निबंध उभा राहिला तर पीएच.डी.ची माझी जागा पक्की. आता तर तिची पणतीच आली. मी तुम्हाला व्यासपीठावर बोलावतो. याल ना?"

समोर त्याचा चेहरा उजळलेला. तिनं दीपमालाकडे पाहिलं. दीपमालानं चहात पाहिलं.

"जरा बाहेर या," महामाया म्हणाली.

*

हॉलच्या मागं चिंचेखाली पायऱ्या होत्या. तिथं ऊन पडलेलं. तिनं आधी काही सांगितलं नाही, नुसते दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं काळपट तपकिरी, नखांच्या कडांत रेषा.

तो कलेचा इतिहास शिकलेला माणूस. हे डाग कशाचे, हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं. त्यानं बोटांकडे पाहिलं, मग तिच्या कपाळाकडे, भुवईजवळच्या तिळाकडे... फोटोत तो तीळ त्यानं किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. मग तो पायरीवर बसला.

"मग पणती..."

"कोणीच नाही. मीच आहे. हार पडला तवा मागच्या रांगेतच होते. लहान बहीण बोलून गेली, अन् मी गप्प राह्यले. चुकलं माझं."

"चौकट? मागचा पेपर?"

"तसबिरीवाल्यानं जुनी लावली."

वाऱ्यानं चिंचेचा पाला त्याच्या डोक्यात पडत राहिला, तो त्यानं झटकला नाही. बोलला तेव्हा व्यासपीठावरची भाषा पार गळून गेली होती.

"म्हंजे ती... नव्हतीच काय?"

घरातलं माणूस गेल्यासारखा आवाज होता. महामायाला आधी वाईट वाटलं, आणि मग, का कोण जाणे, असा राग आला की तिचं तिलाच नवल वाटलं.

"नव्हती काय, मी काय आहे मंग? भूत आहे का? इथं तुझ्यापुढे उभी आहे, अन् तू तिच्यासाठी रडून राह्यला."

तू म्हणून गेल्याचं दोघांनाही एकदमच कळलं. दोघांनीही ते तसंच राहू दिलं.

तिचा आवाज खाली आला. ती म्हणाली, की आम्ही दोघी अशाच निघून जातो. कुणाला काही बोलणार नाही. तू निबंध वाच. जुनी चौकट आहे, जुना पेपर आहे, कोण खोदत बसणार? तुझी जागा तुला मिळू दे.

त्यानं वर पाहिलं. पण तेवढ्यात आतून माइकवर त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो उठून गेला. मागे वळूनही पाहिलं नाही.

दीपमाला म्हणाली, चल ताई, बस सापडते. महामाया दारापर्यंत गेली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. त्याला खोटं वाचताना तिला ऐकायचं नव्हतं. आणि न ऐकता जाताही येईना.

व्यासपीठावर त्यानं कागद काढले, सारखे केले, आणि पालथे घातले.

"या छायाचित्राबद्दल मी वर्षभर जे लिहिलं, त्यातली तारीख चूक आहे," तो म्हणाला. "शंभर वर्षांहून जास्त चूक आहे. हे छायाचित्र अलीकडे लोणारला काढलेलं आहे. ज्या बाईनं काढलं, तीच त्यात बसलेली आहे. आज सकाळी आपण तिला हार घातला, तेव्हा ती मागच्या रांगेत पेढा खात होती. आता दारात उभी आहे."

शंभरेक माणसं एकदम वळली. खुर्च्या करकरल्या. मग कुणीतरी खुदकन हसलं, आणि हसू रांगांतून पसरत गेलं. पहिल्या रांगेतले त्याचे सर हसले नाहीत. उठून त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं, की मग वर्षभराच्या अभ्यासात टिकण्यासारखं काही उरलं आहे का?

प्रसेनजित पाणी प्याला.

"तारीख चुकली, सर," तो म्हणाला. "बाई पाहण्यात मी चुकलो नाही."

सर तसेच बाहेर गेले. जाताना दारात महामायाजवळून गेले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. प्रमुख पाहुणे मात्र खाली उतरून आले आणि तिला विचारू लागले, की ताई, हार काढून घेऊ का, की चालेल? गृहस्थ मनापासून घाबरलेले होते. ती म्हणाली, चालेल.

*

दुपारी बसस्टँडवर लोणारची गाडी लागली होती. दीपमालानं खिडकीतून शाल टाकून जागा धरली आणि आतून बोटानं खूण केली, आटप. प्रसेनजित तसबीर काखेत घेऊन आला होता.

सरांनी विषय बदलून आण, नाहीतर दुसरा मार्गदर्शक शोध, असं सांगितल्याचं त्यानं सांगितलं. एवढं मोठं, पण पावसानं कपडे भिजले म्हणावं तसं सांगितलं.

"माझ्यापायी झालं," ती म्हणाली.

"माझ्यापायी झालं. चौकट खोलून पाहाले कोणी नाही म्हटलं होतं काय? मले ती जुनीच पाह्यजे होती." त्यानं तसबीर पुढे केली. "घे. तुझी आहे."

"ठेव तुझ्यापाशी."

"नको. हिच्यासमोर मी काय काय बोललेलो आहे, आता लाज वाटते." थोडा थांबून त्यानं विचारलं, "त्या दिवशी नाही कोणाले म्हटलं होतं?"

"चिखलीचं स्थळ होतं."

"काऊन नाही?"

"पाहाले आला, अन् सगळा वेळ मोबाइलमधे. मी पुढ्यात बसलेली. जाताना म्हणे, फोटो पाह्यला होता, पसंतच आहे."

त्याचं तोंड उतरलं. "मंग माझं तं संपलंच. म्या बी फोटोच पाह्यला."

"तू पसंत कुठं केलं," ती म्हणाली. "तू तं मेली म्हणून सांगितलं."

तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा. हसताना त्याच्या गालाला एका बाजूनंच खळी पडते, हे तिला तेव्हा कळलं. आणि एवढ्याशा गोष्टीनं आपला श्वास अडकावा, याचा धक्का सकाळच्या हारापेक्षा मोठा होता. तिनं घाईनं तसबीर घेतली आणि गाडीत चढली. काळी बोटं पदराआड गेली, ती का, ते तिलाच माहीत.

कंडक्टरनं घंटी दिली. तो खिडकीखाली आला.

"रविवारी लोणारले आलो तं चालंल?"

"अन् आईनं विचारलं, हा कोण, तं?"

तो गाडीबरोबर चालू लागला. चालता चालता त्यानं खरोखर विचार केला. "सांगजो, तुझ्या पोरीले ज्यानं चारचौघांत मेली म्हणून सांगितलं, तो हाच. माफी मागाले आला."

"आई झाडू घेऊन मागं लागंल."

"लागू दे. मी उभा राहीन."

गाडीनं वेग घेतला. तो मागे पडू लागला, कोटाचे खिसे फडफडत, हात वर करावा की नाही अशा गोंधळात. दीपमाला काही विचारणार तोच महामाया तिच्या अंगावरून ओणवी होऊन खिडकीबाहेर झुकली.

"येजो रविवारी," ती ओरडली. "झाडू लपवून ठेवीन मी."