अर्धा आटा

हे खरं घडलेलं आहे.

भूत म्हटलं की ज्यांना मध्यरात्र, सोसाट्याचा वारा आणि कुत्र्यांचं रडणं लागतं, त्यांनी इथेच थांबावं. आमच्याकडे असलं काही नव्हतं. रविवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं. जेवणं आटोपली होती, ओट्यावर भांडी निथळत होती, आणि माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं एका बंद बेलकडे बघत बसलो होतो.

ती बेल किती बंद होती, ते सांगते. पण आधी ती तिथे आली कशी, ते सांगायला हवं.

ताईचं घर तळमजल्यावर. लांबच लांब. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला तिच्या सासूबाईंची खोली, आणि मधे एक अंधारा बोळ. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्यांची वाचा गेली. डावी बाजू गेली. उजवा हात तेवढा उरला. मग भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, वायरमनला बोलावून एक बेल बसवून घेतली. बटण सासूबाईंच्या उशाशी. तिथून वायर बोळाच्या भिंतीवरून थेट स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर. पांढरी डबी, आत दोन सेल.

बटण दाबलं की, कर्रर्र.

भाऊजी खूश. बेल बसवली म्हणजे मुलाचं कर्तव्य पार पडलं, असा त्यांचा समज. आईजवळ दहा मिनिटं बसायला मात्र साहेबांना वेळ नसायचा.

पण बेल टिकेना.

आज दुरुस्त केली की उद्या बंद. वायरमन यायचा, बघायचा, वाजवून दाखवायचा, जायचा. दोन दिवसांनी पुन्हा बंद. त्याने सेल बदलले. बटण बदललं. अख्खी वायर बदलली. शेवटी बेलच नवीन आणली.

ती पण बंद.

"वहिनी, मी आता या घरचा जावईच झालोय," तो ताईला म्हणायचा. "सारखा येतोय. निदान चहा तरी घट्ट करा."

भाऊजी त्याच्यावर डाफरायचे. तो बिचारा डोकं खाजवत बसायचा. मलाही वाटायचं, या माणसाला काम येत नाही.

एकदा मी ताईकडे गेले होते. भाऊजी घरी नव्हते. ताईने सुरीने भाजी चिरता चिरता हात वर केला, बेलचं झाकण सरकवलं आणि सुरीच्या टोकाने आतला एक स्क्रू हळूच फिरवला. झाकण परत लावलं. पुन्हा भाजी चिरायला लागली.

मी बघतच राहिले.

"अर्धा आटा," ती हसून म्हणाली. "पूर्ण काढला तर त्या वायरमनला दिसेल. अर्धा आटा सैल केला की वायर नुसती टेकून राहते. बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे."

"ताई! अगं, त्या बोलू शकत नाहीत."

"म्हणून तर बोटाने बोलतात. पाणी हवं, कर्रर्र. कूस बदल, कर्रर्र. माशी बसली, कर्रर्र. मी माणूस आहे की लिफ्ट? दोन वर्षं झाली चिमणे, मला एक घास धड गिळता आलेला नाही. तू येऊन कर ना त्यांचं. मग शिकव मला."

चिमणी म्हणजे मी. तिचं अगदीच चुकत होतं असंही नाही. भाऊजी एका कपाला हात लावत नव्हते, आणि सासूबाई धडधाकट होत्या तेव्हा त्यांनी ताईला काही कमी छळलं नव्हतं. ताईने आजारपणात त्यांना उपाशी ठेवलं नाही, घाणीत ठेवलं नाही. वेळच्या वेळी सगळं केलं. फक्त त्यांनी बोलावलं की जायचं, एवढंच तिने बंद केलं.

त्या गेल्या, तो रविवार होता. दुपारची जेवणं झाल्यावर ताई जरा लवंडली. भाऊजी घोरत होते. चार वाजता ताई चहा घेऊन खोलीत गेली, तर...

डोळे उघडे. तोंड उघडं. उशी खाली पडलेली.

आणि अंगठा बटणावर.

नुसता ठेवलेला नाही. दाबलेला. इतका दाबलेला, की नखाखाली पांढरा पडला होता. भाऊजींनी तो सोडवायचा प्रयत्न केला. निघेना. त्यांनी दोन्ही हात लावले, तेव्हा कुठे निघाला. बटण आत रुतून बसलं होतं.

"बघ, वेळेला बेल चालली नाही," भाऊजी रडत रडत म्हणाले. "त्या वायरमनला मी सोडणार नाही."

ताई चहाचा कप उचलून आत घेऊन गेली.

पाहुणे पांगले. घर रिकामं झालं. ताईचा चेहरा उजळला होता, खोटं कशाला बोलू. म्हणाली, "आता एकदा निवांत जेवीन."

पहिल्याच दिवशी ती पानावर बसली. घास तोंडाशी नेला.

कर्रर्र...

तिला वाटलं, शेजाऱ्यांची बेल असेल.

पुन्हा. कर्रर्रर्र...

फ्रिजच्या वरून.

ती बोळातून खोलीत गेली. खोली रिकामी. गादी गुंडाळलेली. बटण खाटेच्या दांडीला लटकत होतं, स्थिर. आवाज थांबला.

तिने येऊन बेलचं झाकण उघडलं.

स्क्रू... घट्ट होता.

"मी सैल केला होता गं," तिने मला फोनवर सांगितलं. "त्या रविवारी सकाळीच केला होता. शंभर टक्के केला होता."

तिने पुन्हा सैल केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घास, पुन्हा कर्रर्र. स्क्रू घट्ट. मग तिने तो पूर्ण काढून केराच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी तो जागेवर होता.

भाऊजींना सांगून उपयोग नव्हता. त्यांना ती ऐकूच यायची नाही. "शॉर्ट असेल कुठेतरी," म्हणून त्यांनी वायरमनला फोन लावला. घरात काहीही बिघडलं, की त्यांना एवढंच येतं.

तर तो हा रविवार. ताईच्या आग्रहावरून मीही गेले होते. भाऊजी आत झोपले होते.

"आत्तापर्यंत चालू करायला बोलवत होतात," वायरमन म्हणाला, "आता बंद करायला? एकदा काय ते ठरवा हो, वहिनी."

त्याने बटण काढलं. बोळातली वायर कापून गुंडाळी केली. बेल भिंतीवरून उतरवली आणि टेबलावर ठेवली. सेल काढून शेजारी ठेवले. दोन वायरींची टोकं हवेत लोंबत होती.

"घ्या," तो म्हणाला. "आता ही वाजली तर मी धंदा सोडतो."

ताई हसली. किती दिवसांनी हसली होती. ती चहा ठेवायला उठली...

कर्रर्रर्रर्र...

टेबल थरथरलं. सेल गडगडत जाऊन खाली पडले.

तिघांपैकी कोणीच हललं नाही. बेल थांबेना. आवाज बारीक नव्हता, दबका नव्हता. अगदी रोजच्यासारखा होता, कोणाला तरी पाणी हवं असावं तसा.

"आले, आले..." ताई पुटपुटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती बोळातून गेली. लांबून तिचा आवाज आला, "काय हवंय, आई?"

बेल थांबली.

वायरमन उठला. पेचकस, पक्कड, पिशवी, सगळं तिथेच टाकून निघून गेला. चपला घालायला पण थांबला नाही.

मी ताईला म्हटलं, माझ्याकडे चल. ती म्हणाली, "आले होते ना परवा तुझ्याकडे? तुझ्या स्वयंपाकघरात नाही ऐकू आली तुला? मला आली."

त्यानंतर एकच इलाज उरला. बेल वाजली की जायचं. रिकाम्या खाटेपाशी उभं राहून विचारायचं, काय हवंय. मग ती थांबायची. थोडा वेळ. ताई पानावर बसली की, आंघोळीला गेली की, डोळा लागला की... पुन्हा. दिवसभर ताई त्या बोळातून धावत होती. वाळून काठी झाली. भाऊजी म्हणायचे, तिच्या डोक्याचे आटे ढिले झालेत.

अशीच धावताना ती पडली. फरशी नुकतीच पुसलेली होती. डोकं उंबऱ्यावर आपटलं. सासूबाईंच्या खोलीच्या उंबऱ्यावर.

मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले.

वाचा गेली.

डावी बाजू गेली.

उजवा हात तेवढा उरला.

दवाखान्यातून आणल्यावर भाऊजींनी तिला कुठे ठेवलं असेल? मी हातापाया पडले त्यांच्या. "अगं, खाट तिथेच आहे, संडास तिथेच आहे," ते म्हणाले. "उगाच खुळ्यासारखं करू नकोस." ताईला आत नेताना तिने उजव्या हाताने दाराची चौकट धरून ठेवली होती. भाऊजींनी एकेक बोट सोडवलं. प्रेमाने, समजूत काढत.

सांभाळायला एक बाई ठेवली. आणि वायरमनला बोलावलं. तो यायला तयार नव्हता, पण ताईची अवस्था ऐकून आला. तीच बेल, तीच जागा, नवी वायर. त्या दिवशी त्याने काही विनोद केला नाही. चहा पण घेतला नाही. बेल वाजली, भाऊजींना ऐकू आली, भाऊजी खूश.

दोन दिवसांनी बंद.

वायरमन आला. दुरुस्त केली. पुन्हा बंद.

मी गेले तेव्हा बाई स्वयंपाकघरात फोन बघत बसली होती. मी सरळ बेलचं झाकण उघडलं. स्क्रू अर्धा आटा सैल होता.

मी तिला वाट्टेल ते बोलले. ती रडायला लागली. "मॅडम, माझ्या लेकराची शपथ. मी त्या डबीला हात लावलेला नाही. माझा तर हातच पोचत नाही तिथे."

खरंच पोचत नव्हता.

मग मी स्वतः सुरीने तो स्क्रू आवळला. करकचून. सुरी माझ्या पर्समध्ये टाकली, पर्स खांद्याला. बाईला बाहेर पायरीवर बसवलं. भाऊजी घरात नव्हते. मी ताईजवळ जाऊन बसले आणि तिच्या हातात बटण दिलं.

"दाब ताई. मी ऐकते."

तिने दाबलं.

मी कान दिला. बोळात काही नाही. लांब स्वयंपाकघरात नळ टपकत होता, तो ऐकू येत होता. बेल मात्र...

मी धावत गेले. झाकण उघडलं.

अर्धा आटा सैल.

आणि फ्रिजवर सुरी ठेवलेली होती. मी पर्स उघडून पाहिली. पर्समध्ये सुरी नव्हती.

परत आले तेव्हा ताई माझ्याकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला सगळं कळत होतं. ही बेल कोण बंद करतंय, का करतंय आणि हे शेवटी कुठे जाणार आहे, ते त्या घरात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"सोड ताई. हात दुखेल."

मी तिचा अंगठा उचलायला गेले. निघेना. नख पांढरं पडलं होतं. मी दोन्ही हात लावले, तेव्हा कुठे निघाला.

संध्याकाळी भाऊजी आले. त्यांना सगळं सांगितलं. ते दमले होते. म्हणाले, "बरं, गुरुवारी वायरमनला बोलावतो."

ताई माझी बहीण आहे. आईच्या मागे तिनेच मला वाढवलं. माझा जीव आहे तिच्यावर, आणि तरी मी आता तिकडे जात नाही. त्या डोळ्यांसमोर मला बसवत नाही. भाऊजी दर रविवारी दुपारी फोन करतात, "येतेस का? ती दाराकडे बघत असते." पहिल्यांदा मी कारणं सांगायचे. आता रविवारी जेवणं झाली की मी फोन बंद करून कपाटात ठेवते, आणि चार वाजल्यानंतर बाहेर काढते.

मागच्या रविवारी काढला तेव्हा तो चालू होता.

कोणाचा कॉल नव्हता. मेसेज नव्हता. नुसता चालू होता.

मी तो बंद केला होता. शंभर टक्के केला होता.