दहानंतरचा वारा

अच्छाडच्या नाक्यावर, ट्रकांच्या रांगेत अगदी मधोमध हेमांगीची स्कूटी बंद पडली, तेव्हा तिला रडू आलं नाही, झोप आली. हँडलवर डोकं टेकावं, डोळे मिटावेत आणि मागच्यांनी वाजवायचे तेवढे हॉर्न वाजवावेत, असं तिला मनापासून वाटलं.

"ओ मॅडम! झोपलात काय?"

मागे ट्रॅक्टर होता, ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जोडलेला, आणि वर बसलेला एक ताडमाड माणूस खाली वाकून बघत होता.

"झोपू द्याल का?" ती म्हणाली.

"मी देईन हो. पण मागे पार गुजरातपर्यंत लाइन लागलीय, त्यांना विचारावं लागेल."

त्याने उतरून स्कूटी ढाब्याच्या कडेला नेली, प्लग काढला, शर्टाला पुसून परत बसवला. गाडी सुरू झाली.

"नाव काय तुमचं?"

"लहान्या."

हेमांगीने त्याला पायांपासून वरपर्यंत पाहिलं. वरपर्यंत पोचायला जरा वेळच लागला. "मग थोरला केवढा असेल!"

"थोरला नाहीच. आयने एवढ्यावरच हात टेकले."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून तिचं तिलाच चमत्कारिक वाटलं. निघताना तिने विचारलं, "आमच्या रोपांना पाणी टाकाल? विहीर आटत चाललीय."

आता ही रोपं कसली, ते सांगायला हवं. तलासरीच्या मागच्या डोंगरउतारावर एका संस्थेची पन्नास एकर उजाड जमीन होती. तिथे पूर्वीचं जंगल परत उभं करायचं होतं. ऐन, खैर, कळंब, शिवण, सगळी इथलीच झाडं, इथल्याच बियांची. ऐकायला किती छान! पण हेमांगी तिथली व्यवस्थापक. म्हणजे रोपवाटिका तिची, कुंपण तिचं, पंप तिचा, अवजारांची शेड तिची. आणि कितीही उपटली तरी पुन्हा माजणारी घाणेरी, तीही तिचीच. तीन वर्षं झाली होती. नरपडच्या मच्छीमाराची मुलगी, रोज स्कूटीवरून तासाभराची ये-जा. वय बत्तीस, गुडघे बासष्टचे. घरी आई लग्नाचं काढायची, तर ही ताटावरच पेंगायची. आईने शेवटी नाद सोडला.

लहान्या आठवड्यातून दोनदा टँकर आणू लागला. त्याचा पाडा डोंगराच्या पायथ्याशीच होता. पहिल्या आठवड्यात ती त्याला 'तुम्ही' म्हणे, दुसऱ्या आठवड्यापासून 'तू'. तो मात्र 'तुम्ही'ला चिकटून बसला. तिच्या तळहातात खैराचा काटा मोडला, तो त्याने बाभळीच्या काट्याने काढला. हात धरला होता तेवढा वेळ दोघंही त्या काट्याकडेच बघत होते… काटा निघाला तरी बघत होते.

एकदा ती शेडच्या सावलीत पोत्याला टेकली आणि तिथेच झोपली. जाग आली तेव्हा ऊन पार कलंडलं होतं. लहान्या टाकीपाशी उकिडवा बसला होता. टँकरच्या पाइपातून पाणी बारीक धारेने टाकीत पडत होतं.

"पंप बिघडला की काय?"

"नाही. आवाज फार करतो."

"मग हे असं कधी भरायचं?"

"भरलं की. तुमची एक झोप, माझा एक टँकर."

हेमांगीने पदर सावरावा तर अंगात पंजाबी ड्रेस, म्हणून तिने उगाच ओढणी झटकली. तीन वर्षांत तिच्या झोपेची काळजी कुणी केली नव्हती. वेडा कुठला, ती मनात म्हणाली, आणि घरी जाताना वाटभर तेच म्हणत राहिली.

मग मार्च आला. शेडमागून पाइपांची दोन भेंडोळी चोरीला गेली. डहाणूच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला, फाटकाला कुलूप लावा. हेमांगीने लावलं. किल्ली एकच, ती तिच्यापाशी. फाटक सकाळी नऊला उघडेल, तिने सांगून टाकलं.

"मॅडम, मोह पहाटे पडतो," लहान्या म्हणाला. कुंपणाच्या आत पाड्याची सात मोहाची झाडं होती. "बायका अंधारातच येतात वेचायला. नऊला यायचं तर…"

"आणि मी? मी कधी उठायचं? पहाटे नरपडहून कोण येणार, माझं भूत?"

तिचा आवाज चढला होता. तो टँकरकडे वळला. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं, आणि ते त्याला दिसत होतं.

मोह वेचायच्या आधी बायका झाडाखालचा पाचोळा झाडून जाळतात, म्हणजे स्वच्छ जमिनीवर फुलं दिसतात. वर्षानुवर्षांची रीत. पहाटे वारा पडलेला असतो, एकजण हिरवी फांदी घेऊन राखण करते, पाचोळा जळतो आणि विझतो. त्या शुक्रवारी लहान्याची आई, काळी, फाटक उघडल्यावर आत गेली. झाडून होईतो दहा वाजले. तिने काडी लावली.

धूर दिसताच हेमांगीने लहान्याला फोन केला आणि धावत सुटली. वाऱ्याने आग केव्हाच उताराला लागली होती. पाड्यातली माणसं ओल्या फांद्यांनी झोडपत होती, लहान्या टँकर घेऊन आला, पाणी मारलं. दीड तासाने आग विझली. दोन वर्षांची सहाशे रोपं काळी काडी होऊन उभी होती. हेमांगी तिथेच राखेत बसली.

साहेबांचा फोन दुपारीच आला. "आग कोणी लावली त्याचं नाव लिहून संध्याकाळपर्यंत पाठवा. पाड्याला फाटक कायमचं बंद करू. आणि चूक तुमच्या बाजूने असेल, तर महिनाअखेर चार्ज सोडा."

ती शेडमध्ये लिहायला बसली. लहान्या दारात आला. चेहऱ्यावर काजळी, भुवया अर्ध्या जळालेल्या.

"माझं नाव लिहा. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरची ठिणगी उडाली."

"तुझा ट्रॅक्टर आग लागल्यावर आला. फोन मीच केला होता, शहाण्या."

त्याने बाहीने चेहऱ्यावरची काजळी पुसली. "आयचं नाव गेलं तर पाड्याचा मोह जाईल, मॅडम. ट्रॅक्टरची ठिणगी म्हणजे अपघात, त्याला कोणी बोलणार नाही."

"मी कोळ्याची पोर आहे, लहान्या," ती म्हणाली. "दहा वाजले की वारा समुद्रावरून आत शिरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माझी आई दहाच्या आत सुकत घातलेल्या बोंबलांवर जाळं टाकते. आणि मी फाटक नऊला उघडलं. का? तर मला सकाळची झोप मोडायची नव्हती." "काळीमावशीने काडी लावली, पण त्या वेळेला तिला मी आणलं."

तिने तसंच लिहिलं. फाटकाची वेळ माझी चूक होती, मोहाच्या दिवसांत ते पहाटेपासून उघडं राहायला हवं, पाड्यातली माणसं नसती तर सगळा डोंगर गेला असता. फोटो काढून पाठवून दिलं.

सोमवारी उत्तर आलं. फाटक पहाटेपासून उघडं ठेवण्यास मंजुरी. नवीन व्यवस्थापक एक तारखेपासून.

काळी दुपारी आली, टोपलीभर मोह घेऊन. टोपली हेमांगीपुढे ठेवली. "बाय, माझ्या आगीपायी तुझी नोकरी गेली."

"माझ्या कुलपापायी गेली, मावशी."

काळीने टोपली तिच्याकडे आणखी सरकवली. मग मागे उभ्या मुलाकडे वळली. "अरे, तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय? रोज रात्री हिच्यावरून माझं डोकं खातोस. आता बोल की!" आणि ती उतरून गेली.

लहान्याने कान खाजवला. जळालेल्या उतारावरून ऊन परतत होतं. दोघं शेडच्या पायरीवर बसले, मधे हातभर जागा सोडून.

"आता काय करणार… तुम्ही?"

"झोपणार. आठ दिवस."

"आणि मग?"

हेमांगीने डोळे मिटले. तिने ती हातभर जागा सरकून संपवली आणि डोकं सरळ त्याच्या खांद्यावर टेकलं. खांद्याला धुराचा वास होता.

"मग तुझ्याशी लग्न करणार," ती म्हणाली. "पण आधी आठ दिवस झोपणार. मधे उठवायचं नाही."

लहान्याला उठून पाड्याला ओरडून सांगायचं होतं. पण खांदा हलला असता.

"नाही उठवत तुला," तो अगदी हळू म्हणाला.

ती ऐकत नव्हती. तिला झोप लागली होती.